जिप्सीचा पुढचा एक्सल

मारुती जिप्सी 1985 च्या डिसेंबरात आली तेव्हा तिच्यात 970 सीसीचं छोटं इंजिन होतं. 1996 मध्ये 1.3 लिटरची ‘जिप्सी किंग’ आली. लष्कर, पोलीस, हिमालयातल्या रॅली आणि आपल्याकडची ताडोबाची सफारी, इतक्या ठिकाणी ही गाडी राबली. सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी 2018-19 च्या सुमारास ती बंद झाली. म्हणजे आता जी हाताशी आहे, तीच सांभाळायची.

जुनी जिप्सी घेणारे आधी इंजिनाचा आवाज ऐकतात. माझ्या मते आधी गाडीखाली आडवं पडून पुढचा एक्सल बघावा. चाक जिथे वळतं तिथे एक पोकळ गोळा असतो. त्याच्या पोटात ग्रीसने भरलेला जॉइंट, वर-खाली किंगपिनची बेअरिंगं आणि मागच्या बाजूला गोळा पुसत राहणारं सील. गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. गोळ्यावरून ग्रीस मिसळलेलं पातळ ऑइल ओघळत असेल, तर दोष बाहेरच्या सीलचा नाही. एक्सलच्या नळीतलं आतलं सील गेलंय, आणि डिफरन्शियलचं ऑइल गोळ्यात उतरतंय. पुष्कळ ठिकाणी बाहेरचंच सील बदलून गाडी परत देतात. महिन्याभरात पुन्हा तेच. शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय हे काम होत नाही.

दुसरा शत्रू पाणी. चालून तापलेला एक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते. वरचा ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती सीलमधून पाणी आत ओढून घेते. ओढा ओलांडून आल्यावर ऑइलचा बोल्ट सैल करून बघावं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदलावं. पाणी शिरलेल्या ऑइलवर क्राऊन-पिनियन फार काळ टिकत नाहीत.

फोर बाय फोर मात्र डांबरावर लावू नये. या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये फरक मिटवणारा डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि तो सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. मग लिव्हर अडकतो. अशा वेळी गाडी जरा मागे घेतली की तो सुटतो. जोर लावून ओढू नये. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, त्याचंही कारण हेच.

याउलट, फोर बाय फोर वर्षभर लावलंच नाही तर लिव्हरचे सांधे जाम होतात. महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर ते लावावं.

ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरी माउंटांवर बसवलेला. त्याचं ऑइलही वेगळं, आणि सर्व्हिसिंगमध्ये नेमकं तेच राहून जातं. माउंट फाटला की गाडी सोडताना खालून दणका बसतो. तो शाफ्टच्या क्रॉसचा समजून लोक क्रॉस बदलतात. क्रॉसला हात घालण्याआधी माउंट पाहावेत, आणि क्रॉसच्या निपलांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरावं. कोकणातली गाडी असेल तर गालिचा उचलून फरशीचा पत्राही ठोकून बघावा. एक्सल दुरुस्त होतो, सडलेला पत्रा मात्र कापूनच काढावा लागतो.