पहूरच्या शिवारातला सातासमुद्रापारचा इतिहास

जळगावहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेल्या पर्यटकाच्या लेखी पहूर म्हणजे चहापुरता थांबा. जामनेर तालुक्यातले हे गाव वाघूर नदीवर, पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायतींत वसलेले आहे. इथे मिरवावा असा किल्ला नाही, तोफ नाही, एखाद्या फिरंगी वखारीचा पडका चौथरादेखील नाही. त्यामुळे पंधराव्या शतकाअखेर युरोपची गलबते जगभर फिरू लागली आणि जग उलटेपालटे झाले, त्या कहाणीत पहूरचा काय संबंध, असे कुणी विचारले तर नवल नाही. ती कहाणी आपण गोवा, वसई, चौल, सुरत अशी किनाऱ्याकिनाऱ्यानेच वाचतो. पण समुद्रावर घडलेल्या उलथापालथीचा टिकाऊ पुरावा किनाऱ्यावरच्या दगडांपेक्षा अशा आतल्या गावांच्या शिवारात आणि बाजारात जास्त सापडतो. तो वाचायची सवय मात्र आपल्याला राहिलेली नाही.

खानदेशाला फिरंगी नवे नव्हते. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा तापीकाठाने जाई. 1580 मध्ये अकबराच्या दरबारी निघालेले रुडॉल्फ अक्वाविवा आणि मोन्सेरात हे जेझुइट पाद्री सुरतेहून तापीचे खोरे आणि सातपुडा ओलांडून मांडूकडे गेले. यातला अक्वाविवा पुढे 1583 मध्ये गोव्यातल्या कुंकळ्ळीला, धर्मांतराच्या जुलमाने चिडलेल्या गावकऱ्यांच्या हातून मारला गेला. 1600 मध्ये अकबराने अशीरगडाला वेढा घातला, तेव्हा पाद्री जेरोम झेवियर त्याच्या छावणीत होता. पोर्तुगीजांकडून तोफा मागवून द्या, ही बादशहाची मागणी त्याने धर्माचे कारण देऊन नाकारली, असे जेझुइट लिहितात. खानदेशचे फारुकी सुलतान पोर्तुगीजांचे मित्र होते, हे खरे कारण असावे. 1615 च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील टॉमस रो बऱ्हाणपुरात शहजादा परवेझला भेटला आणि त्याने वखारीची परवानगी मिळवली. पुढे कापडाच्या ओढीने इंग्रज धरणगावातही आले. पहूर या मुख्य वाटेच्या दक्षिणेला असल्याने या नोंदींतून सुटले. एवढ्यावरून इथे काही घडलेच नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण वकिलांनी आणि पाद्र्यांनी लिहिले ते दरबारांविषयी.

शिवार काय सांगते ते पाहण्यासाठी सोळाव्या शतकाअखेरच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या अबुल फझलच्या ग्रंथाची मदत होते. खानदेश सुभ्याचे मुख्य पीक ज्वारी आणि तिचे धाट फळासारखे गोड, असे अबुल फझल लिहितो. त्याच्या पिकांच्या यादीत मका नाही आणि मुदपाकखान्याच्या वर्णनात मिरची नाही. तिखटपणासाठी मिरी आणि आले होते. आज जामनेर तालुक्यात खरिपात कपाशीच्या जोडीला मका उभा असतो. खानदेशी भरितातले वांगे इथलेच, पण त्यातली हिरवी मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडातले. ठेच्यातली आणि शेवभाजीच्या तर्रीतली मिरची, पेरू, पपई, टोमॅटो, बटाटा ही सगळी मंडळी पोर्तुगीज आणि स्पॅनिश गलबतांनी जोडलेल्या वाटांनीच आशियात आली. उलट दिशेनेही प्रवास झाला. जळगाव जिल्ह्याची ओळख असलेली केळी मूळची आशियाची. ती 1516 मध्ये कॅनरी बेटांवरून कॅरिबियन बेटांत पोचली. कपाशी आपली जुनीच, पण आज शेतात दिसते ती बहुतांशी अमेरिकन जातीची. ज्या मालासाठी परदेशी व्यापारी खानदेशात येत, त्याचे बियाणेच बदलले.

यात सर्वांत गोड वाद सीताफळाचा. अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर ते रानोमाळ, कुणी न लावता उगवते. वनवासात सीतेने रामाला दिलेले हे फळ, ही कथा ऐकली की ते परदेशी म्हणायला जीभ धजत नाही. या कथेला विद्वानांचाही आधार काढता येतो. भरहुतच्या शिल्पांत सीताफळ कोरलेले आहे असे पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे मत होते आणि उत्खननांत जुन्या बिया सापडल्याचे दावेही झाले आहेत. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पण शिल्पातले खवल्याखवल्यांचे गोल फळ फणस असू शकते, कमळाचा गड्डाही असू शकतो. सीताफळाचे रानटी सोयरे मात्र बहुतेक उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत आहेत. म्हणून पारडे परदेशाकडेच झुकते. त्याने कथा खोटी पडत नाही. आलेल्या पाहुण्याला चार शतकांत थेट रामायणात बसवणारा समाज त्या कथेत दिसतो, आणि तोही इतिहासच आहे.

दुसरा आक्षेप असा की मिरची आणि मका तर देशभर आहेत, मग पहूरचे वेगळेपण काय? वेगळेपण नाही, हाच मुद्दा आहे. जो बदल एका बंदरापुरता राहतो तो बंदराचा इतिहास. जो आडवाटेच्या गावातल्या रोजच्या भाकरीपर्यंत पोचतो तो जगाचा. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मिरचीचे गुणगान करताना गोव्यात 1560 मध्ये बसलेले इन्क्विझिशन, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा संहार, आफ्रिकेतून विकलेली माणसे हे सारे झाकले जाते का? झाकले तर जाऊ नये. पण बियाणे राजाज्ञेने रुजले नाही. परवडले, चवीला पटले, म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी आणि बायकांनी ते आपलेसे केले. जुलमाचा हिशेब राज्यकर्त्यांच्या नावे आणि निवडीचे श्रेय गावाच्या नावे, असे दोन्ही एकाच वहीत मांडता येते.

खंत एवढीच की ही वही कुणी उघडत नाही. पाचोरा–जामनेर नॅरोगेज गाडी पहूरला थांबे, तेव्हा अजिंठ्याला जाणारे प्रवासी इथे उतरत. 2020 मध्ये ती बंद झाली आणि ब्रॉडगेजची वाट पाहणे सुरू झाले. पर्यटन म्हणजे लेणी आणि किल्ले, अशी सरकारी समजूत असल्याने ज्या गावात दगड कोरलेला नाही तिथे पाटीही लागत नाही. अजिंठ्याच्या वाटेवर या पिकांची माहिती देणारा एक फलक आणि शाळांच्या सहलीत शिवारासाठी राखलेला एक तास, इतक्याने सुरुवात होऊ शकते. त्याला उत्खनन लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. पीक हाही ऐतिहासिक दस्तऐवज असतो एवढे मान्य करावे लागते.