गवत, माणूस, झाड… झाला चहा!

सकाळची पहिली पाळी. बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवर एमआयडीसीची मंडळी, हातात वाफाळतं कटिंग, त्यात गवती चहाचा दरवळ. फुंकर मारण्याआधी एक सांगा: त्या ग्लासात एक चिनी अक्षर दडलंय, माहीत आहे का?

अक्षर वाचायचं 'छा', अर्थ चहा. आता आकार बघा. डोक्यावर गवत, मध्ये माणूस, खाली झाड. म्हणजे गवती चहा थेट अक्षरातच!

पूर्वी मात्र चहासाठी दुसरंच अक्षर होतं: 'थू'. त्याचा मूळ अर्थ कडू पालेभाजी. (कडू लागलं की आपण काय म्हणतो? थू!) थांग राजवटीत त्यातली एक आडवी रेघ उडाली आणि 'छा' रुळलं. चहावरचा जगातला पहिला ग्रंथ लू यू यांनी लिहिला तोही याच काळात, इ.स. ७६०च्या आसपास.

जुनं 'थू' वाया गेलं का? छे! आपला संस्कृत 'मंडल' चिनीत लिहिताना बौद्धांनी 'ड'साठी तेच अक्षर घेतलं. कडू भाजी थेट पूजेत!

आता बंदरावर चला. चीनच्या फूच्येन किनाऱ्यावर 'छा'चंच अक्षर 'ते' असं वाचतात. डचांनी तो उच्चार उचलला, त्याचाच पुढे इंग्रजी 'टी' झाला. पोर्तुगीज बसले मकावला, तिथे 'छा'. आणि हेच पोर्तुगीज आपल्या तारापूरच्या किल्ल्यातही होते, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकेपर्यंत. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार ही सगळी त्यांचीच देणगी. हिंदीच्या 'चाय'ला इराणी 'य'ची शेपटी आहे, आपल्या चहाला नाही. म्हणून आपला शब्द कुठून आला यावर माझं मत बंदराच्या पारड्यात!

 

चहा रंगातही उतरलाय: जपानीत ब्राऊन रंगाला म्हणतात 'चहाचा रंग'. हसू नका, आपला तपकिरी आलाय तपकिरीतून!

आणि हा खास चहाच्या चाहत्यांसाठी. 'छा'च्या अक्षराचे तुकडे पाडा: वरच्या गवतात चिनी दहाचे दोन आकडे, म्हणजे २०. खाली दिसतात ८८. बेरीज? १०८! जपमाळेचे मणी तेवढेच. अक्षरातल्या या बेरजेमुळेच जपानमध्ये वयाच्या १०८व्या वर्षाला 'चाजु' म्हणतात, म्हणजे चहाचं वय. आज आजोबांच्या हातात कप देताना हे नक्की सांगा.