गेस्ट लेक्चरमध्ये माझी साइट अडकली, आणि बरंच झालं

वेब डेव्हलपमेंट शिकताना गेस्ट लेक्चरला बसून काही फायदा होतो का, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मीही आधी फक्त हजेरीसाठीच जायचो. माझं मत का बदललं, ते आज सांगतो.

आमचा शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट होता. मी गावातल्या वाचनालयासाठी साइट केली होती, घरबसल्या पुस्तक राखून ठेवता यावं म्हणून. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ऑडिओबुकचा वेगळा विभागही हौसेनं केला होता. त्यावर मी जाम खूश होतो.

त्या दिवशी आलेल्या मॅडम स्वतः दृष्टिहीन होत्या आणि साइट तपासणं हेच त्यांचं काम. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं. हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर तो बोलून दाखवतो. "कुणाची साइट बघू या?" असं त्यांनी विचारलं आणि मी लगेच हात वर केला.

त्या टॅब दाबत पुढे जायला लागल्या. फॉर्मच्या पहिल्या रकान्यावर आवाज आला, "एडिट." दुसऱ्यावरही "एडिट." "यात मी काय लिहायचं?" मॅडमनी विचारलं. शेजारी 'सभासद क्रमांक' असं दिसत होतं, पण ते नुसतंच शेजारी लिहिलेलं. लेबल टॅग लावून रकान्याशी जोडलेलं नव्हतं.

मग 'राखून ठेवा' हे बटन. टॅब त्यावर थांबेचना! कारण ते बटन नव्हतंच. मी डिव्हला रंग देऊन, त्यावर क्लिक लावून बटनासारखं सजवलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाणाच्या कळांनी शोधत बसले तर सापडेलही. पण हे बटन आहे, हे मला सांगणार कोण?" ज्यांच्यासाठी तो विभाग केला, त्यांनाच पुस्तक मिळत नव्हतं. वर्गात सगळे गप्प. मला तर कुठे बघावं कळेना.

आता यातलं तांत्रिक सांगतो. खरा बटन टॅग वापरला की तीन गोष्टी आपोआप मिळतात: टॅबनं तिथं पोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात आणि स्क्रीन रीडर 'बटन' असं सांगतो. डिव्ह वापरलात तर हे सगळं हातानं लिहावं लागतं, आणि आपण विसरतो. दुसरं, पानाची भाषा. टेम्प्लेटमध्ये ती इंग्रजी असते. मराठी पानाला 'एमआर' हा कोड द्या, म्हणजे आवाजाला मराठी उच्चार निवडता येतात.

पुढच्या महिन्यात दुसरे पाहुणे आले. त्या सरांनी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद केलं. माझ्या मुखपृष्ठावरचा फोटो होता ४ एमबीचा, म्हणजे ३२ मेगाबिट. सेकंदाला ४०० किलोबिट मिळत असतील तर नुसत्या त्या फोटोला ८० सेकंद! फोटो जेवढा दिसतो तेवढ्याच मापाचा करून वेबपीमध्ये साठवला आणि पान लगेच हलकं झालं.

दोन्ही गोष्टी पुस्तकात होत्या बरं का. लेबल टॅग परीक्षेत लिहून मी मार्कही मिळवले होते. पण समोर माणूस अडकलेला बघितला, तेव्हा तो टॅग कशासाठी असतो ते कळलं. 'माझ्या मशिनवर चालतंय' हे वाक्य त्यानंतर मी फार जपून वापरतो.

म्हणून गेस्ट लेक्चरला रिकाम्या हातानं जाऊ नका. अर्धवट का असेना, स्वतःचं काम घेऊन जा आणि "हे जरा वापरून बघता का?" असं विचारा. आणि आज रात्री एवढं करा: माउस बाजूला ठेवा आणि स्वतःचा फॉर्म फक्त कीबोर्डनं भरून बघा. कुठं अडकलात ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!