हिरवा हौद आणि पांढरी पावडर

पावसाळा लागला की फुलसावंगीतल्या माझ्या दवाखान्यात ढाळ-वांतीचे रुग्ण वाढतात. अशाच एका आषाढात एक बाई तीन वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आल्या. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, सकाळपासून लघवी नाही. सलाइन लावले. संध्याकाळी पोर रडू लागले तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. पाणी कुठले पिता, असे विचारताच बाई म्हणाल्या, ‘‘अंगणातल्या हौदातलं. पण डॉक्टरसाहेब, पावडर टाकतो की आम्ही!’’

दुसऱ्या दिवशी तो हौद मी पाहिला. उघडा, भिंतींवर हिरवेगार शेवाळ, तळाशी गाळ. पोर त्याच पाण्याने आजारी पडले असे मी शपथेवर सांगणार नाही. पण ते पाणी मी स्वतः प्यालो नसतो. बाई खोटे बोलत नव्हत्या. पावडर पडत होती, पण ती शेवाळ आणि गाळच खात होते.

ब्लीचिंग पावडरीतला (आपली टीसीएल) क्लोरीन आधी पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर खर्च होतो. त्यातून उरेल तोच पुढे जंतूंपासून राखण करतो. उन्हात तोही लवकर नाहीसा होतो. शेवाळाला मात्र ऊन हवेच असते. म्हणून हौदावर घट्ट झाकण हा पहिला इलाज. मग हौद रिकामा करून भिंती घासाव्यात, गाळ काढावा. काही जण शेतातले मोरचूद हौदात टाकतात. पिण्याच्या पाण्यात असला अंदाजपंचे प्रयोग कृपा करून करू नका.

आता मात्रा. हौदाची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजून गुणा, त्याला 28 ने गुणा, लिटर निघतील. स्वच्छ दिसणाऱ्या 1000 लिटर पाण्याला चांगली पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते. 5 बाय 4 चा हौद 3 फूट भरला असेल तर सुमारे 1700 लिटर, म्हणजे 4 ग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या काट्यावर एकदा तोलून घ्या आणि कोणत्या चमच्यात किती बसते ते पाहून ठेवा. पावडर बादलीभर पाण्यात कालवावी, दहा मिनिटांनी चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी हौदात ओतावे. चुना टाकून द्यावा. पाणी एक तासानंतरच वापरावे.

ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. तोंड उघडे राहिलेल्या, दमट पोत्यातला बराचसा उडून गेलेला असतो. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्यावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम तरी उरायला हवा. रंगच आला नाही तर मात्रा कमी पडली.

शहरातल्या पोहण्याच्या तलावांचेही गणित हेच. फक्त तिथे पाण्याची आम्लता-अल्कता, म्हणजे पीएच, 7.2 ते 7.8 मध्ये राखतात, कारण पाणी फार अल्क झाले की क्लोरीन मंदावतो.

आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते पावडरीने जात नाही, उकळूनही नाही.

आणखी एक. हौद घासताना संडासाचे ॲसिड आणि ही पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू छातीत भरला तर माणूस गुदमरतो. चुकून तसे झालेच तर सगळे टाकून आधी मोकळ्या हवेत या आणि थेट दवाखाना गाठा.