यंत्रमानवाला वीज पाजताना

गेल्या सुटीत आमच्या अलिबागच्या घरी नातवाने जुळवलेला वीतभर यंत्रमानव आला. स्वारी चार पावले चालायची, की मूर्च्छा! "आजोबा, बॅटरी पुरत नाही. भिंतीतली वीज देऊ या."

भिंतीत 230 व्होल्ट, मोटारींना हवेत अवघे 6! मधे वीज उतरवणारी पत्र्याची पेटी बसवली. मी सहज तिला हात लावला, आणि हाताला मुंग्या आल्या! पेटी निर्दोष होती. अंगणातली अर्थिंगची तार मात्र खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लेली. पत्र्यावर झिरपणारी वीज जमिनीत जायची, ती माझ्या अंगातून निघाली.

वायरमनकडून अर्थिंग नवे करून घेतले. 30 मिलिअँपिअर वीज वाट चुकताच प्रवाह तोडणारा खटकाही बसवला. मोटार अडली की प्रवाह एकदम वाढतो. म्हणून सगळ्या मोटारींची बेरीज करून तिच्याहून अधिक ताकदीची पेटी आणली. यंत्रमानवाचा मेंदू वेगळ्या अडॅप्टरवर ठेवला. फक्त दोन्हींच्या ऋण तारा एकत्र जोडल्या.

आता स्वारी ओटीभर फिरते. किनाऱ्यावरच्या वाचकहो, दिवाळीच्या माळा लावण्याआधी आपल्या अंगणातली ती तार एकदा तपासून घ्या!