लॅपटॉपच्या चार्जरची तुटलेली वायर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बहरीनच्या वायव्येकडील जनाबिया हा किंग फहद कॉजवेपासून जवळ असलेला निवासी भाग असून, तिथल्या भारतीय कुटुंबांत बहरीनमध्ये घेतलेला आणि भारतातून आणलेला असे दोन लॅपटॉप एकाच टेबलावर चार्ज होत असणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा घरात एखाद्या चार्जरची वायर तुटली की टेप गुंडाळा, तारांना पीळ द्या, दुसऱ्या लॅपटॉपचा चार्जर मुळीच लावू नका, भारतातला चार्जर इथे चालत नाही, असे अनेक सल्ले पुढे येतात. त्यांतले काही अर्धवट खरे असतात आणि म्हणूनच त्यांची तपासणी आवश्यक ठरते, कारण विजेच्या कामात अर्धवट माहितीने केलेली दुरुस्ती काही आठवडे बिनबोभाट चालते आणि नंतर रात्री, घरातले सर्व जण झोपलेले असताना, तापू लागते.

सर्वांत मूलभूत गैरसमज असा की चार्जरची वायर ही भिंतीपासून लॅपटॉपपर्यंतची एकच वायर आहे. वास्तविक तिथे दोन स्वतंत्र वायरी असतात आणि त्यांच्या मध्ये अडॅप्टरची ठोकळ्यासारखी डबी असते. भिंतीकडील वायरीत बहरीनच्या घरगुती पुरवठ्याचा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह असतो. डबीत त्याचे आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर होते, कारण २३० हा आकडा विजेच्या लाटेची प्रभावी किंमत सांगतो आणि लाटेचा माथा त्याच्या सुमारे १.४१ पट उंच असतो. पुढे हा प्रवाह अतिशय जलद गतीने चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेला जातो आणि लॅपटॉपकडील वायरीत १९ ते २० व्होल्ट उरतात. विद्युत दाब, म्हणजे व्होल्ट, घटतो तसा प्रवाह वाढतो, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. ६५ वॉटचा चार्जर भिंतीतून अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, तर लॅपटॉपला तो १९.५ व्होल्टवर ३.३३ अँपिअर देतो. त्यामुळे भिंतीकडील वायरीचा मुख्य धोका विजेचा धक्का हा असतो आणि लॅपटॉपकडील वायरीचा मुख्य धोका उष्णता हा असतो; एका बाजूला लागू पडणारा उपाय दुसऱ्या बाजूला लावणे हीच बहुतेक चुकांची सुरुवात असते.

भिंतीकडील वायर जोडून वापरण्याचे समर्थन करता येत नाही. ती डबीतून सुटी निघते, तिचे टोक बहुधा तीन पाकळ्यांच्या किंवा इंग्रजी आठच्या आकड्याच्या प्रमाणित आकाराचे असते आणि तशी नवी वायर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अल्प किमतीत मिळते. मग २३० व्होल्टच्या वायरीवर टेप गुंडाळून तो जोड लहान मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवण्याला कोणतेही कारण उरत नाही.

याच वायरीच्या प्लगविषयी मात्र सविस्तर लिहिणे गरजेचे आहे, कारण आखाती देशांत राहणाऱ्या भारतीयांकडून इथे वारंवार चूक होते. भारतातील गोल पिनांचा प्लग हा ब्रिटनच्या जुन्या मानकाचा वारस आहे. ब्रिटनने १९४७ साली चपट्या आयताकृती पिनांचे नवे मानक आणले आणि १९७१ पर्यंत ब्रिटिश संरक्षणाखाली असलेल्या बहरीनमध्ये हेच नवे प्लग रूढ झाले. या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या छिद्रांवर झडपा असतात व अर्थिंगची लांब पिन आत शिरल्यावरच त्या उघडतात. भारतातून आणलेला दोन पिनांचा प्लग बसवण्यासाठी पेनचे टोपण किंवा स्क्रूड्रायव्हर अर्थिंगच्या वरच्या छिद्रात खुपसून झडपा उघडण्याची जी युक्ती केली जाते, तिच्यामुळे प्लग सैल बसून ठिणग्या पडतात, इतकाच तोटा होत नाही. ब्रिटिश पद्धतीच्या प्रत्येक प्लगमध्ये एक फ्यूज असतो आणि तो नेमका या वायरीच्या रक्षणासाठी असतो, कारण या पद्धतीच्या वायरिंगमध्ये अनेक सॉकेट मिळून ३० किंवा ३२ अँपिअरच्या एकाच संरक्षणाखाली असू शकतात. भारतीय प्लगमध्ये फ्यूज नसतो. म्हणजे जबरदस्तीने बसवलेल्या त्या बारीक वायरीत बिघाड झाला, तर ती वितळू लागली तरी मुख्य ब्रेकर पडेलच याची खात्री राहत नाही. फ्यूज असलेला योग्य अडॅप्टर-प्लग वापरणे किंवा डबीची ती सुटी वायरच बहरीनमध्ये नवी घेणे, हे दोनच उपाय योग्य आहेत. प्लगमधला फ्यूज उडाल्यावर घरात सहज सापडतो म्हणून १३ अँपिअरचा तपकिरी फ्यूज बसवण्याची प्रथाही सोडण्याजोगी आहे. लॅपटॉपच्या बारीक वायरीला लाल रंगाचा ३ अँपिअरचा फ्यूज पुरेसा असतो आणि प्लगवर किंवा वायरीवर जो आकडा छापला असेल तो निर्णायक मानावा. शिवाय हा फ्यूज माणसाला धक्क्यापासून वाचवतो ही समजूत निराधार आहे, कारण शरीरातून जाणारा जीवघेणा प्रवाह अँपिअरच्या दशांशाहूनही कमी असतो आणि फ्यूज त्याची दखलही घेत नाही.

धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर झिणझिण्या आल्या की वायर आतून फाटली असे अनेकांना वाटते. तसे असू शकते. परंतु अर्थिंगशिवाय चालणाऱ्या चार्जरमध्ये हे बहुधा दुसऱ्या कारणाने घडते. विद्युत गोंगाट दाबण्यासाठी डबीच्या उच्च दाबाच्या आणि कमी दाबाच्या भागांमध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो, त्यातून मिलिअँपिअरच्या अंशाइतका प्रवाह झिरपतो आणि अर्थिंगचा मार्ग नसल्यास तो स्पर्श करणाऱ्याला जाणवतो. तीन पिनांच्या चार्जरची अर्थिंगची पिन निकामी केली की हाच त्रास सुरू होतो, म्हणून ती पिन कापणे किंवा वगळणे ही दुरुस्ती नसून नवा बिघाड आहे. वायर उसवलेली असताना जोराचा चटका बसला, तर मात्र चार्जर लगेच बंद करून बाजूला ठेवावा.

आता लॅपटॉपकडील वायर. तिच्यातील १९ व्होल्टने कोरड्या हाताला धक्का बसत नाही हे खरे आहे. त्यावरून ती निरुपद्रवी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे आहे. नुसत्या पिळाने जोडलेल्या तारांमध्ये अर्धा ओहम रोध निर्माण झाला असे धरले, तर ३.३३ अँपिअर प्रवाहाने त्या एका बिंदूवर सुमारे साडेपाच वॉट उष्णता तयार होते आणि ती वाहून न्यायला तिथे काहीच नसते. पूर्ण शॉर्टसर्किट झाले तर चांगला चार्जर स्वतःहून बंद पडतो. अर्धवट सैल जोड आणि लॅपटॉपची नेहमीची मागणी यांतला फरक मात्र त्याला ओळखता येत नाही, म्हणून तो प्रवाह देतच राहतो. या अर्थाने धडधडीत तुटलेल्या वायरीपेक्षा हलवली की चालणारी वायर अधिक धोक्याची असते. इन्सुलेशन टेपमुळे हा दोष झाकला जातो, सुधारत नाही. बहरीनच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक मऊ होऊन ती सुटू लागते आणि बेटावरच्या खारट, दमट हवेत उघडे तांबे काळे-हिरवे पडून रोध आणखी वाढतो.

बाहेरचे आवरण शाबूत असेल तर वायर चांगली आहे ही समजूतही टिकत नाही. तांब्याच्या बारीक तारा त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकल्या की कडक होऊन एकेक करून तुटतात, तर प्लॅस्टिकचे आवरण लवचिक असल्यामुळे तसेच राहते. म्हणून बिघाड बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये शिरणाऱ्या पिनेजवळच्या किंवा डबीजवळच्या काही सेंटिमीटरमध्ये सापडतो.

वायर सोलल्यावर दिसणाऱ्या विणलेल्या तारांच्या जाळीविषयीचा गैरसमज सर्वाधिक नुकसान करतो. टीव्हीच्या केबलसारखी ही जाळी केवळ बाहेरच्या गोंगाटापासून संरक्षणासाठी आहे असे समजून ती कापली जाते किंवा तिच्या चार-दोन तारा जोडून काम भागवले जाते. लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरमध्ये मधली जाड तार धन असते आणि ही जाळी म्हणजेच ऋण तार असते. मधल्या तारेतून जेवढा प्रवाह जातो तेवढाच जाळीतून परत येतो, म्हणून तिची प्रत्येक तार जोडात यायला हवी. डेल, एचपी यांसारख्या कंपन्यांच्या अनेक चार्जरमध्ये याखेरीज एक अतिशय बारीक तिसरी तार असते, जी पिनेच्या मध्यभागी पोहोचते आणि चार्जर किती वॉटचा आहे ही माहिती लॅपटॉपला देते. ती जोडायची राहिली, तर लॅपटॉप चालू होतो पण बॅटरी चार्ज होत नाही, कामाचा वेगही मंदावतो आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

वायर मधल्या भागात तुटली असेल आणि सोल्डरिंगची सवय असेल, तर घरी केलेली दुरुस्ती टिकाऊ होऊ शकते. चार्जर भिंतीपासून आणि लॅपटॉपपासून पूर्ण वेगळा करून खराब भाग दोन्हीकडून चांगले, चकचकीत तांबे लागेपर्यंत कापावा. उष्णतेने आकसणारी एक जाड आणि एक बारीक नळी सोल्डर करण्याआधीच वायरीवर ओवून ठेवावी, कारण जोड झाल्यावर ती घालता येत नाही. जाळी हळूच उलगडून एका बाजूला तिचा पीळ करावा, मधल्या तारा एकमेकींत गुंफून त्यांवर सोल्डर पूर्ण वाहू द्यावे, बारीक नळी त्यावर आकसून घ्यावी आणि जाळीचा जोड मधल्या जोडापासून थोड्या अंतरावर घ्यावा, म्हणजे आवरण पुढे कधी फाटले तरी दोन जोड समोरासमोर येत नाहीत. शेवटी जाड नळीने सर्व झाकावे. सोल्डर वाकणे सहन करत नाही, म्हणून जोडाची जागा सतत वाकणार नाही अशी व्यवस्था करणे आवश्यक असते.

मल्टिमीटरवर १९.५ व्होल्ट दिसले म्हणजे दुरुस्ती झाली, असे मानले जाते. ही तपासणी लॅपटॉप जोडण्यापूर्वी अवश्य करावी, विशेषतः धन-ऋण उलटे झाले नाही ना हे लेबलवरील आकृतीशी ताडून पाहण्यासाठी. परंतु मल्टिमीटर जवळजवळ शून्य प्रवाह घेत असल्यामुळे एका तारेने टिकून असलेला जोडही त्याला पूर्ण दाब दाखवतो. खरी कसोटी लॅपटॉप चार्ज होत असतानाच लागते : पहिला अर्धा-पाऊण तास समोर बसून जोडाला वारंवार हात लावून पाहावा आणि तो बाकीच्या वायरीपेक्षा गरम लागला तर जोड पुन्हा करावा.

वायर डबीच्या अगदी तोंडाशी तुटली असेल तर घरगुती दुरुस्तीचा विचार सोडणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी चिकटवून बंद केलेली डबी फोडावी लागते आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंतचा भार प्लग काढल्यानंतरही काही काळ राहू शकतो. पिनेच्या बाजूला तुटलेली वायर मात्र तयार पिन आणि वायरीचा तुकडा मिळाल्यास मधल्या तुटीप्रमाणेच जोडता येते.

नवा चार्जर घेताना जास्त अँपिअरचा चार्जर लॅपटॉप जाळतो ही भीती आडवी येते. चार्जर प्रवाह ढकलत नसतो, लॅपटॉप तो आपल्या गरजेनुसार ओढतो. म्हणून व्होल्ट आणि पिन जुळायला हवी, तर अँपिअर तितके किंवा अधिक चालतात, कमी मात्र चालत नाहीत. भारतात घेतलेला चार्जर बहरीनमध्ये जळतो हेही खरे नाही, कारण दोन्ही देशांत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज असते. १९८६ साली खुल्या झालेल्या कॉजवेवरून पलीकडे सौदी अरेबियात गेल्यास वारंवारिता ६० हर्ट्झ होते, तरी लेबलवर १०० ते २४० व्होल्ट आणि ५०-६० हर्ट्झ असे छापलेल्या चार्जरला त्याने फरक पडत नाही.

यूएसबी-सी चार्जरच्या केबलला मात्र यांतले कोणतेही सोल्डरिंग लागू करू नये. तिथे सुरुवातीला केवळ ५ व्होल्ट मिळतात, लॅपटॉप आणि चार्जर यांच्यात संकेतांची देवाणघेवाण झाल्यावर दाब २० व्होल्टपर्यंत चढतो, आणि ३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाहासाठी केबलच्या टोकात आपली क्षमता सांगणारी एक चिप असावी लागते. अशी केबल बहुतेक चार्जरमधून सुटी निघते, त्यामुळे तुटल्यावर तेवढ्याच वॉटची, १०० वॉटपर्यंत लागत असेल तर ५ अँपिअरची नोंद असलेली, नवी केबल घेणे सोपे आणि सुरक्षित असते. युरोपीय संघाने लॅपटॉपसाठी ही जोडणी २८ एप्रिल २०२६ पासून बंधनकारक केली असल्याने लॅपटॉपच्या बाजूला गोल पिन असलेले चार्जर हळूहळू कमी होत जातील. जुन्या लॅपटॉपसोबत ते आणखी अनेक वर्षे घरात राहणार आहेत, आणि त्यांच्या वायरी तोवर त्याच दोन टोकांपाशी तुटत राहतील.