सहाव्या वर्षीची दाढ आणि आपले विहार

‘दुधाचेच दात आहेत, पडतील,’ असे म्हणून आपण मुलांच्या किडलेल्या दातांकडे दुर्लक्ष करतो. इथेच फसगत होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच वाटते. ती गेली की पुन्हा येत नाही.

बिस्किटे-चॉकलेटमधील साखरेपासून तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि दाताचे कवच झिजते. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नये. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. मिश्री मात्र नकोच. ती तंबाखू आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुमती दिली आहे. उरणच्या विहारांत रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढून मुलांना ब्रश करायला शिकवावे, दाढा पाहाव्यात, असे आम्हांला वाटते.

उपचाराची शासकीय सोय आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासतात, दातही पाहतात. पुढे रुग्णालयात न्यायचे, तर आईबापाचा रोज बुडतो आणि चिठ्ठी घरीच राहते. त्या मुलाचा हात धरून त्याला रुग्णालयात नेणे, हे आपल्या तरुणांचे काम आहे.